ट्रॅफिकमध्ये तापणारी गाडी घाटात तापायला लागली : हेड उतरवण्याआधी काय तपासाल

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकलं तर सांगा. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. मार्चपासून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावला की टेंपरेचरचा काटा वर सरकायचा आणि मोकळ्या रस्त्याला लागलात की आपोआप जागेवर यायचा. घराजवळच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला, पंखा डायरेक्ट केला आणि स्टिअरिंगखाली त्याचं बटण बसवून दिलं. महिनाभर शहरात काही त्रास नाही. मग गेल्या रविवारी चौघं सामानासकट कोल्हापूरला निघालात, खंबाटकी घाट चढताना काटा लालला टेकला आणि कूलंटच्या बाटलीतून उकळतं पाणी बाहेर आलं. गाडी थंड करून, साधं पाणी भरून परत पुण्याला आणलीत. आता दुसरे मिस्त्री म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. उतरवू का?

इतक्यात नको. तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार झालेत असं मला दिसतं. पहिला मार्चमधला, तो पंख्याचा. त्याचं निदान न करताच वरून मलमपट्टी झाली आणि त्या मलमपट्टीतून दुसरा आजार उभा राहिला, जो घाटात बाहेर आला. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, ती शक्यता मी नाकारत नाही. पण ते हेड न उतरवता तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय उतरवणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून आधी चिरून बघणं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. काटा लालला टेकल्यावर तुम्ही किती वेळ गाडी चालवलीत? मिनिटभरात कडेला घेऊन इंजिन बंद केलं असेल तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. 'माथा आलाच आहे, चढवून टाकू' म्हणून तीन-चार किलोमीटर तशीच रेटली असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं. मग मूळ दोष कुठलाही असो, गॅस्केटची तपासणी टाळता येणार नाही.

माझं गॅरेज साताऱ्याला हायवेलगत आहे. पंचवीसेक वर्षं झाली. एप्रिल-मेमध्ये खंबाटकी चढून आलेल्या, बॉनेटमधून वाफ निघणाऱ्या गाड्या आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो : गाडी केव्हा तापते? उभी असताना, की पळताना, की चढावर? बॉनेट उघडायच्या आधी एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

त्याचं कारण असं. इंजिनमधली उष्णता बाहेर पडायला दोन वाहत्या गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. पाणी वॉटर पंप फिरवतो. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देतो. रेडिएटरमधून हवा गेली की पाणी थंड होऊन परत येतं. गाडी साठच्या वेगाने पळते तेव्हा ही हवा समोरून फुकट मिळते, पंख्याची गरजच नसते. गाडी उभी राहिली की ती हवा बंद होते. मग साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे थोडं कमीजास्त, पंखा सुरू होतो. म्हणजे उभी असताना तापते आणि पळताना निवते ती गाडी हवेची तक्रार करत असते, आणि हवा म्हणजे पंखा. मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तापते ती बहुधा पाण्याची तक्रार करत असते : पाणी कमी आहे, फिरत नाही, रेडिएटर तुंबलाय, किंवा दाब धरत नाही. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, नाहीतर पाणीच नाही, असं समजून शोध सुरू करायचा.

तुमची मार्चमधली तक्रार हवेची होती आणि घाटातली पाण्याची. आता एकेक करून बघू.

पंख्यापासून सुरुवात करतो, कारण मूळ दुखणं तिथलं आहे. तुम्ही एक फार उपयोगी माहिती दिलीय, कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. बटण दाबलं की पंखा फिरतो. म्हणजे पंख्याची मोटर जिवंत आहे. दोष मोटरपर्यंत वीज पोचवणाऱ्या साखळीत आहे : फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रेझिस्टर (करंट कमी करणारा अडथळा), कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), अर्थिंग, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर, नाहीतर या सगळ्यांना हुकूम देणारा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ही साखळी क्रमाने तपासली तर तासाभराचं काम आहे.

सगळ्यात आधी ते बटणाचं वायरिंग तात्पुरतं सोडवा आणि मूळ कपलर जागेवर लावून घ्या. नाहीतर काय फिरतंय आणि कुणाच्या हुकमाने फिरतंय ते कळणार नाही. मग इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर चालू झाला की पंखा फिरलाच पाहिजे, इंजिन थंड असलं तरी. काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो आणि काहींत गॅसच्या दाबावर ठरतं, त्यामुळे तुमच्या मॉडेलचं वायरिंग माहीत असलेल्या माणसाला सोबत घ्या. एसीवर पंखा फिरला पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर मोटर, फ्यूज, रिले तिन्ही ठीक. सेन्सर किंवा त्याच्या वायरकडे बघायचं. एसीवरही फिरत नसेल तर फ्यूज बघा. हा जाडा फ्यूज असतो, गाडीप्रमाणे २० ते ४० अँपिअरचा, बहुधा बॉनेटखालच्या डब्यात. तो उडालेला असेल तर नवा टाकून मोकळं होऊ नका. मोटर जाम होऊन जास्त करंट ओढत असेल तर नवाही उडेल. फ्यूज शाबूत असेल तर पंख्याचा रिले काढून त्याच नंबरचा शेजारचा, बहुधा हॉर्नचा असतो, तो लावून बघा. पंखा फिरला तर रिले बदलायचा, विषय संपला.

रिले बदलूनही फिरला नाही तर कपलरपर्यंत वीज येते का ते बघायचं, आणि इथे चांगले चांगले फसतात. मल्टीमीटर लावला की बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो वीज तर येतेय, मोटर खराब. पण मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. सडलेल्या वायरच्या एका तारेतूनही बारा व्होल्ट दिसतात. पंख्याला दहा-पंधरा अँपिअर लागतात, तेवढं ओझं आलं की तीच वायर बसते. म्हणून मी जुना हेडलाइटचा बल्ब दोन वायरी जोडून ठेवलाय. तो कपलरला लावतो. लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. मिणमिणला तर कुठेतरी गंज आहे, बहुतेक वेळा अर्थिंगला.

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब महाबळेश्वरहून उतरून माझ्याकडे आलं होतं. मागच्या सीटवर सात-आठ महिन्यांचं बाळ, बाहेर एकोणचाळीस अंश ऊन, आणि त्या बाईंनी एसी बंद करून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, पंख्याची मोटरही नवी घातली होती. मी कपलर हातात घेतला तर पांढरं प्लास्टिक एका पिनभोवती चहाच्या रंगाचं झालेलं. नखाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. आतली पितळी टाचणी निळसर पडलेली, ढिली, हलवली की खुळखुळायची. पंखा सुरू व्हायचा, पिन तापायची, ढिली व्हायची, पंखा बंद पडायचा. नवा कपलर, चार इंच वायर, वीस मिनिटं. मोटर फुकट बदलली गेली होती. तेव्हापासून मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो, कपलर नुसता बघू नका, उघडून हातात घ्या.

तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय मात्र रेझिस्टरवर आहे. तुमच्या गाडीला दोन वेगांचा पंखा असेल तर हळू वेग बहुधा रेझिस्टरमधून मिळतो आणि जलद वेग थेट. रेझिस्टर जळला की हळू वेग गायब. एसी लावल्यावर पंखा फिरत नाही, पाणी तापत राहतं, आणि बरंच वर गेल्यावर जलद वेग एकदम धावत येतो. मालकाला वाटतं पंखा तर चालू आहे. 'एसी लावला की काटा वर सरकायचा' हे तुमचं वाक्य याच्याशी जुळतं. त्या काळात ट्रॅफिकमध्ये एसी कमी गार करायचा का, ते आठवून बघा. एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यालाही याच पंख्याची हवा लागते. काटा हलायच्या कितीतरी आधी एसीच पंख्याची तक्रार सांगत असतो, आपण मात्र गॅस कमी झाला म्हणून गॅस भरून घेतो.

सेन्सर तपासायची सोपी पद्धत म्हणजे स्कॅनर, ईसीएममधले आकडे वाचणारं यंत्र. इंजिन थंड असताना, सकाळी, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान जवळपास सारखं दाखवलं पाहिजे. गाडी तापत जाईल तसा आकडा सलग चढला पाहिजे, उड्या मारता कामा नये. स्कॅनर नसेल तर सेन्सरचा कपलर काढून बघता येतं : बऱ्याच ईसीएमच्या गाड्यांत सेन्सर तुटला की इंजिन वाचावं म्हणून पंखा आपोआप सुरू होतो. सगळ्यांत होत नाही, त्यामुळे फिरला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. या तपासण्या करताना हात, बाह्या, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरू लागतो.

आता त्या बटणाबद्दल. मला ते मनापासून नको वाटतं आणि त्याची कारणं सांगतो. पहिलं, पंखा माणसाच्या आठवणीवर चालतो. खंबाटकीत ट्रकच्या मागे पंधरा-वीसच्या वेगाने चढताना बटण चालू होतं का? प्रामाणिकपणे आठवून बघा, कारण त्या वेगात समोरची हवा पुरत नाही, तिथे पंखा लागतोच. दुसरं, दहा-पंधरा अँपिअरचा करंट डॅशबोर्डखालच्या स्वस्त बटणातून, बारीक वायरीतून जातोय. मध्ये फ्यूज आणि रिले आहे का ते बघून घ्या. नसेल तर पंखा दहा मिनिटं चालवून बटणाला आणि वायरीला हात लावा. गरम लागली तर आजच काढून टाका, ती आग लागण्याची जागा आहे. तिसरं, डायरेक्ट करताना वायरी उलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा इंजिनकडे ओढतो. उलटा फिरला की तो हवा पुढे ढकलतो, आणि गाडी पळायला लागली की समोरच्या वाऱ्याशी भांडतो. शहरात निभतं, हायवेवर आणि घाटात नाही. याची तपासणी सोपी आहे. पंखा चालू करून समोरच्या जाळीपुढे वर्तमानपत्राचं अर्धं पान धरा. पान जाळीला चिकटलं पाहिजे. फडफडत तुमच्या अंगावर आलं तर वायरी उलट्या आहेत.

थर्मोस्टॅटकडे येतो, कारण घाटातल्या प्रकाराचं मूळ मला तिथे दिसतं. 'आपल्याकडे उष्ण हवामान, थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून टाका' हे मी गॅरेजच्या धंद्यात पडल्यापासून ऐकतोय. ज्यांनी मला काम शिकवलं तेही म्हणायचे. जुन्या काही गाड्यांत ते खपूनही जायचं. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या छोट्या वाटेने आतल्या आत फिरतं. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा तो रेडिएटरची वाट मोकळी करतोच, शिवाय त्याच्या खालची चकती ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरतं. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनमध्ये जातं. शहरात इंजिनवर ओझं कमी, त्यामुळे भागून जातं. चार माणसं, सामान, एसी आणि घाट म्हटल्यावर तेवढ्याने भागत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. शिवाय थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन एरवी गरजेपेक्षा थंड चालतं, ईसीएम पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं. गेल्या महिन्यात तुमचं पेट्रोल जास्त जळालं का ते बघा.

नवा थर्मोस्टॅट टाका, पण बसवण्याआधी तपासून घ्या. स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवा, थर्मोस्टॅटची झडप किंचित उघडून तिच्या फटीत दोरा अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका. पाणी तापवत न्या. छापलेल्या आकड्याच्या आसपास, समजा ८२ लिहिलंय तर ८२ च्या जवळ, झडप उघडते आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून टपकन खाली पडतो. थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तर निदान पाणी उकळायच्या आधी पडला पाहिजे. नवे थर्मोस्टॅटही कधी कधी खराब निघतात, म्हणून हे पाच मिनिटांचं काम मी कधीच टाळत नाही.

आता रेडिएटर कॅप, कारण बाटलीतून पाणी उकळून आलं म्हणजे हेड गॅस्केटच, हा समज तिथे मोडतो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. बंद व्यवस्थेत एक बार जादा दाब असला की साधं पाणी सुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग बसली, की दाब राहत नाही आणि पाणी शंभरलाच उकळतं. उंचीवर त्याहून कमी. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणजे कित्येक गाड्यांत पंखा सुरू व्हायच्या सुमारासच. म्हणून शहरात महिनोन्‌महिने न समजलेली खराब कॅप महाबळेश्वरच्या वाटेवर, पसरणीच्या घाटात समजते. काही शे रुपयांची वस्तू आहे, पण कंपनीच्या आकड्याचीच घ्या. घरच्या घरी एक खूण बघा : सकाळी थंड गाडीत रेडिएटरचा वरचा होजपाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसतोय का? दिसत असेल तर कॅपमधली उलट झडप अडकलीय आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येत नाहीये.

काट्यावरही फार विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, दहा-पंधरा अंशांचा फरक दाखवतच नाही. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता लाल दिवा. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी की पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो. हवेत तो कमी तापमान दाखवतो. काटा खाली येतो, पंखा सुरू होत नाही, माणसाला हायसं वाटतं, आणि त्याच वेळी इंजिन भाजत असतं. वर गेलेला काटा चढ चालू असतानाच अचानक खाली पडला, तर आनंद मानू नका, तिथेच थांबा.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. किडे, भुसा, माती यांचा नमदा बसलेला असतो, आमच्याकडे उसाच्या हंगामात तर पाचटाचे तुकडेही निघतात. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर रेडिएटरच्या पातळ पट्ट्या (फिन्स) लोळतात आणि उरलीसुरली हवाही बंद होते. आतून तुंबलाय का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं : गरम रेडिएटरवर फिरवताना मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर त्या नळ्या क्षाराने बंद आहेत. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

एवढं झाल्यावर हेड गॅस्केट. याही तपासण्या हेड न उतरवता होतात. थंड गाडीची कॅप काढून इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे ही साचलेली हवा असते, ती थांबते. पण रेस केल्यावर बुडबुडे सलग, फसफसत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. दुसरं, कॅप लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक झाला तर तीच शंका, कारण इतक्या लवकर पाणी तापून दाब येऊच शकत नाही. तिसरी आणि पक्की चाचणी रसायनाची : निळं द्रव असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, ज्वलनाचा गॅस असेल तर द्रव पिवळं पडतं. मोठ्या गॅरेजमध्ये हे किट असतं. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांतही ती येते. डिपस्टिकवर ऑइल दुधी कॉफीसारखं दिसलं, किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर गोष्ट गंभीर.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय? धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांच्या गाडीचं हेड मी अशाच अंदाजाने उतरवलं होतं. चढावर तापत होती, पाणी फेकत होती. हेड उतरवलं तर गॅस्केट नव्यासारखं. नंतर वॉटर पंप काढला तेव्हा कळलं, आतल्या चक्राच्या पात्या साध्या पाण्याने गंजून निम्म्या झिजल्या होत्या. बाहेरून पुली छान फिरत होती, आत पाणी ढकललंच जात नव्हतं. त्यांना मजुरी परत दिली, पण सुट्टीचे आठ दिवस त्यांचे गेले ते गेलेच. ती गोष्ट अजून बोचते. आता पंपावर शंका आली की इंजिन गरम करून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपचं तापमान मोजतो. थर्मोस्टॅट उघडलेला असून खालचा पाईप फारच थंड राहिला तर पाणी फिरत नाही हे उघड आहे.

सगळं झाल्यावर पाणी भरायची पद्धतही महत्त्वाची आहे, कारण रस्त्यात घाईने पाणी भरताना हवा अडकून राहते. तुमच्या गाडीत आत्ता बहुधा तीही आहे. जुनं सगळं काढा, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट निम्मं-निम्मं मिसळा, किंवा तयार मिसळलेलं आणा; ते घेतलं तर त्यात आणखी पाणी घालू नका. रंगावरून कूलंट निवडू नका, हिरवा-गुलाबी हा प्रमाणित संकेत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. गाडीचं नाक थोडं वर राहील अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करा आणि हळूहळू भरा. मग इंजिन चालू ठेवून पंखा आपोआप दोनदा सुरू-बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा यायला हवी. थंड येत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नका. तरी कधी रस्त्यात काटा चढलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. आतल्या लोकांना त्रास होईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवू नका, खालचा गिअर घ्या. इंजिनबरोबर पंपही जोरात फिरतो. तरीही लालकडे गेला तर थांबा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, फडकं घेऊनही नाही. माझ्या शेजारच्या गॅरेजमधल्या पोराच्या गळ्यावर आणि हातावर अजून त्या वाफेचे व्रण आहेत. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

क्रम असा ठेवा : आधी बुडबुड्यांची आणि निळ्या द्रवाची चाचणी, कारण ती नकारार्थी आली तर हेडचा विषय जवळजवळ मिटला. मग बटण काढून पंख्याची मूळ साखळी दुरुस्त. मग बटण काढून पंख्याची मूळ साखळी दुरुस्त. हे सगळं करून कात्रजच्या चढावर तापली तरच पंप आणि रेडिएटर. चाचणी सकारात्मक आली तर हेड उतरवायलाच हवं, पण तेव्हाही ते फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) देऊन सपाटपणा मोजून घ्या आणि थर्मोस्टॅट परत बसवलाय याची स्वतः खात्री करा, नाहीतर नवं गॅस्केटही त्याच घाटात जाईल.

तुमच्याकडून मला चार गोष्टी कळवा : काटा लाल झाल्यावर किती वेळ चालवलीत, घाटात बटण चालू होतं का, वर्तमानपत्राचं पान कुठल्या बाजूला गेलं, आणि उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वरचा पाईप चपटा दिसला की गोल. त्यावरून पुढचं सांगतो. आणि जमलं तर पंख्याच्या कपलरचा उघडून काढलेला फोटोही पाठवा, दोन्ही बाजूंचा, पिना स्पष्ट दिसतील असा.